नातवाच्या मापाची मुंबई

हनुक्क्याची सुट्टी जवळ येऊ लागली की आपल्या घराघरांतून एकच विषय निघतो: यंदा कुठे जायचे? शाळा आणि गान बंद, आईबापांना रजा मात्र मोजून मिळालेली, आणि घरात एखादे दुडदुडणारे मूल. ज्यांना परवडते ते चार दिवस बुडापेस्टला किंवा प्रागला जातात, बाकीचे एलातला नाहीतर जेरुसलेमला. आमच्याकडेही हा विषय निघाला. लेक आणि जावई बुडापेस्टच्या बाजूचे, मी मुंबईच्या बाजूची. पुष्कळ चर्चा होऊन २०२६ च्या हनुक्क्याला मुंबईला जायचे ठरले. ते कसे ठरले आणि त्याची आखणी कशी चालली आहे हे लिहावेसे वाटते, कारण हा प्रश्न आपल्यापैकी अनेक कुटुंबांपुढे आज ना उद्या येणार आहे.

बुडापेस्टची बाजू लंगडी मुळीच नव्हती. विमानाचा प्रवास थोडक्या तासांचा, पदपथ सपाट, बाबागाडी ढकलत हवे तिकडे जावे, नळाचे पाणी प्यावे. पण डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, आणि दोन वर्षांच्या मुलाला चार-चार कपडे चढवण्या-उतरवण्यात अर्धा दिवस जातो. मुंबईत त्याच दिवसांत दुपारी तीस-एकतीस अंश आणि रात्री अठरा-वीसच्या आसपास, म्हणजे एक पातळ स्वेटर पुरे. उलटपक्षी मुंबईच्या पदपथावर बाबागाडी चार पावलेही सरळ चालत नाही, हिवाळ्यात सकाळची हवा धुरकट असते, पाणी उकळून घ्यावे लागते. नुसता सोयीचा हिशेब मांडला असता तर जावईच जिंकले असते.

जावयांचा मुख्य मुद्दा वेगळाच होता. त्यांचे घराणे मोरोक्कोचे, मराठीचा गंध नाही, पण माणूस समंजस. ते म्हणाले, "इतका खर्च करून न्यायचे, आणि त्याला पुढे काय आठवणार आहे?"

काहीच आठवणार नाही, हे मीही मान्य केले. पण माझी ताई ठाण्याला असते. ती शहाऐंशी वर्षांची आहे. गुडघ्यांनी साथ सोडली आहे, तेव्हा तिचे इस्रायलला येणे आता होणे नाही. तिला हिब्रू येत नाही. माझी थोरली नात दहा वर्षांची आहे. दर सणाला फोनवर ती ताईला "शालोम" म्हणते, ताई "बरी आहेस ना गं?" म्हणते, आणि मग दोघी गप्प होतात. नात फोन माझ्या हातात देते. दोष कोणाचाच नाही. दोघींमध्ये भाषेची भिंत आहे आणि दोघींना ती दिसते.

धाकट्याला ती भिंत दिसत नाही. फोनच्या पडद्यावर ताई चमचा दाखवून "चमचा" म्हणते, तो आपला चमचा वर करून "कपित" म्हणतो. ती पुन्हा "चमचा", तो पुन्हा "कपित". दहा दहा मिनिटे हा संवाद चालतो आणि कोणीही कंटाळत नाही. दुभाष्यावाचून कोणाशीही बोलता येईल असे वय माणसाला एकदाच मिळते, आणि ते फार लवकर संपते. अजून तीन वर्षांनी तोही "शालोम" म्हणून फोन माझ्या हातात देईल. एवढे सांगितल्यावर जावयांनी बुडापेस्टचे कागद मिटले.

आता आखणीकडे वळते.

पहिली गोष्ट तारखांची. २०२६ साली हनुक्क्याचा पहिला दिवा ४ डिसेंबरला शुक्रवारी संध्याकाळी लागतो. २०२७ साली तो २४ डिसेंबरला आहे, म्हणजे नाताळ आणि वर्षअखेरीच्या गर्दीत. त्या दिवसांत तिकिटे महाग आणि माणसे सुट्टीवर. म्हणून हेच वर्ष सोयीचे. दुसरे कारण असे की आमचा नातू जानेवारीत दोन वर्षांचा होईल. दोन वर्षांखालचे मूल मांडीवर बसून थोड्या भाड्यात जाते. मात्र परतीच्या दिवशी त्याला दोन वर्षे पुरी झाली असली तर परतीला पुरी जागा घ्यावी लागते, हे तिकीट काढतानाच पाहावे. विमानातल्या पुढच्या रांगेचा पाळणा तान्ह्या बाळासाठी असतो. चालत्या मुलाला त्याची आशा धरू नये. मूल मांडीवर बसले तरी त्याचा पासपोर्ट वेगळा आणि भारताचा व्हिसाही वेगळा लागतो. आजीआजोबांकडे ओसीआय कार्ड आहे म्हणून नातवाला आपोआप प्रवेश मिळत नाही. तिपात हालावच्या नर्सबाईंना दीड-दोन महिने आधी भेटावे, म्हणजे लस राहिली असल्यास वेळ हाताशी राहतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. हिवाळ्यात मुंबईचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असते. पहिल्याच दिवशी मुलाला मुंबईच्या वेळेवर आणण्याचा पुष्कळांचा खटाटोप असतो. मी कागदावर हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आले की तसे करण्याची गरजच नाही. नातू इथे सकाळी सहाला उठतो, म्हणजे तिथे साडेनऊला उठेल. न्याहारी होऊन अकराला घराबाहेर पडायचे, तोवर लोकलची सकाळची गर्दी ओसरलेली असते. इथे तो साडेबाराला झोपतो, म्हणजे तिथे चारला. संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी घरी परतायचे आणि त्याला आडवे करायचे. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. हनुक्क्याच्या दिव्यापाशी तो नुकताच झोपून उठलेला, ताजातवाना असेल. पहिल्या शुक्रवारी मात्र हनुक्क्याचा दिवा शब्बाथच्या दिव्यांआधी, सूर्यास्तापूर्वीच लावायचा असल्याने त्या दिवशी झोप थोडी मोडावी लागेल. रात्री साडेदहापर्यंत तो जागा राहील, आणि ताईकडे येणारीजाणारी मंडळी रात्रीचीच येतात.

तिसरी गोष्ट म्हणजे दिवसाला एकच ठिकाण. हा नियम मी कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवला आहे. मोठ्या माणसाला मुंबईत गेल्यावर सगळे पाहायचे असते: गेटवे, चौपाटी, काळा घोड्याची केनेसेथ एलियाहू, भायखळ्याची मागेन दाविद, माझगावची आपली शाळा. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली सुरू केलेली ती शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली, आणि तिथे शिकलेले कितीतरी वाचक हे पान वाचत असतील. मुलाला यांतले काहीच नको असते. समुद्र तर आमच्या अश्दोदच्या पोराला रोजचाच. त्याला लागेल तो खिडकीत येऊन ओरडणारा कावळा, रस्त्याच्या कडेला बांधलेली बकरी, रिक्षाचा भोंगा आणि घरोघर वाजणारी कुकरची शिट्टी.

तेव्हा आमचा बेत थोडक्यात असा. बुधवारी पोचायचे आणि गुरुवारी घराबाहेर पडायचे नाही. शुक्रवारी ताईच्या घरी पहिला दिवा. शब्बाथला ठाण्याची शाआर हाशामाइम मशीद. १८७९ सालची ही मशीद ताईच्या घराजवळच आहे, आणि मूल रडले तर बाहेर अंगणात आणता येते. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणून रविवार घरचा. सोमवारी लोकलने भायखळा आणि राणीचा बाग. हा बाग बुधवारी बंद असतो हे लक्षात ठेवावे. २०१७ पासून तिथे पेंग्विन पाहायला मिळतात, पण माझा भरवसा शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीवर अधिक आहे. तो घारापुरीहून आणलेला आहे, हलत नाही, ओरडत नाही आणि भीतीही वाटत नाही. मंगळवारी मस्जिद स्टेशनवर उतरून सॅम्युएल स्ट्रीटची आपली जुनी मशीद, शाआर हारहामिम. समाजी हसाजी दिवेकरांनी ती १७९६ साली स्थापन केली, आणि स्टेशनचे नाव तिच्यावरूनच पडले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. २००८ च्या हल्ल्यानंतर मशिदींवर पहारा असतो, म्हणून आधी कळवावे आणि पासपोर्ट जवळ ठेवावेत. तिथे अर्धा तास बसायचे, एवढेच. पुढचे दिवस कोरे ठेवले आहेत. एखादा दिवस ताप-खोकल्यात जातोच, आणि तो धरूनच बेत करावा.

काय गाळायचे हे ठरवणे सर्वांत अवघड गेले. भाच्याने आग्रह केला की अलिबागेजवळ खंडाळ्याला एलियाहू हानबीच्या टाप्यावर जाऊन येऊ. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसुद्धा बोटीत चढते आणि तासाभरात पलीकडे. मन फार ओढले. पण पुढचा रस्ता, जेवण आणि परतीची बोट धरली तर पुरा दिवस जातो, दुपारची झोप बुडते, आणि मग पुढचे दोन दिवस ताईच्या वाट्याला किरकिरे मूल येते. मी नाही म्हटले. टाप्याला पुढे जाता येईल. ताईच्या वाट्याचे दोन दिवस मात्र द्यायचे नाहीत.

नातेवाइकांचा प्रश्नही याच नियमाने सोडवला. प्रत्येकाकडे एक जेवण म्हटले तर आठ दिवस रिक्षात जातील. म्हणून आम्ही कोणाकडे जाणार नाही, सर्वांनी रविवारी दुपारी ताईकडे यावे असे कळवून टाकले. त्या दिवशी मलिदा आहे. पोहे, ओला नारळ, साखर, वेलची आणि फळे यांपैकी मुलाला पोहे आणि केळे सहज चालते. बदाम-पिस्ते अखंड घालू नयेत, बारीक कुटून घालावेत. लहान मुलाच्या घशात अडकण्याची भीती असते.

खाण्यापिण्याचे आणखी दोन शब्द. पाणी उकळून गार केलेले, फळ आपण स्वतः सोललेले, बाहेरचा बर्फ नाही. मऊ वरणभात आणि वेलची केळी यांवर मूल आठ दिवस आनंदात राहते. जलसंजीवनीची पाकिटे, तापाचे नेहमीचे औषध आणि मच्छरदाणी सामानात असावी. लंगोट तिथेही मिळतात, त्यांचे ओझे नेऊ नये. बाबागाडीऐवजी अंगाला बांधायची झोळी न्यावी. आपण इथे मुलाला त्याच्या खुर्चीत बांधल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. मुंबईच्या टॅक्सीत ती खुर्ची नसते. लांबच्या अंतरासाठी आम्ही लोकल धरली आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटही नाही.

भाषेच्या गमती होणारच. इथे मूल बापाला "आबा" म्हणते. ठाण्यात ती हाक ऐकून कोणीतरी आजोबा वळून पाहतील. "काका" या शब्दाचा हिब्रू बालभाषेत अर्थ काय हे इस्रायलमधील वाचकांना सांगायला नको. भाच्याला मी आधीच सावध केले आहे की पोराने "काका" म्हटले तर उचलून घेण्याआधी लंगोट पाहावा.

आपल्या पूर्वजांना कोकणात हनुक्का ठाऊक नव्हता, तो पुढे शिकून घेतला, असे आपल्या समाजाच्या इतिहासात सांगितले आहे. म्हणजे आपल्या घरांत मोठ्या माणसांनीही नवे शिकलेले आहे. हे आठवायचे कारण ताई. गेल्या आठवड्यात भाचा सांगत होता की तिने खालच्या फळीवरच्या काचेच्या बरण्या वर हलवून घेतल्या, खिडकीच्या गजांतले अंतर वितीने मोजले, आणि मग त्याला विचारून विचारून कालनिर्णयाच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत काही शब्द लिहून ठेवले: पाणी म्हणजे माइम, दिवा म्हणजे नेर, ये म्हणजे बो. रोज सकाळी चहा घेताना ती ते वाचते. आतापर्यंत अकरा झाले आहेत.