कोलारच्या पाताळांत

बंगारपेठेहून फुटणारी आगगाडीची लहानशी शाखा मारिकुप्पम येथें संपते. वाटेंतच राखी रंगाच्या टेकड्या दिसूं लागतात. त्या निसर्गनिर्मित नव्हेत. शंभराहून अधिक वर्षें दगड दळून सोनें काढल्यावर उरलेल्या चोथ्याचे ते ढीग आहेत. कोलारच्या सोन्याविषयीं वाचकांनीं पुष्कळ ऐकलें असेल. आम्हांस येथें ओढून आणलें तें मात्र निराळ्याच कुतूहलानें.

न्यूट्रिनो नांवाचा एक अतिसूक्ष्म कण आहे. त्यास विद्युत्भार नाहीं, वजन जवळजवळ शून्य. सूर्यापासून निघालेले सुमारें साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो नखाएवढ्या जागेंतून दर सेकंदास आरपार जातात आणि आपणांस त्याची गंधवार्ताहि नसते. असा कण जड द्रव्यावर किती वेळां आदळतो, हें मोजावयाचें कसें?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं, जपानांतील ओसाका व इंग्लंडांतील डरहॅम येथील सहकाऱ्यांसह, येथील चँपियन रीफ खाणींत सुमारें २.३ किलोमीटर खोल आपलीं यंत्रें मांडलीं. भूपृष्ठावर आकाशांतून म्युऑन कणांचा अखंड पाऊस पडतो. त्या गलबल्यांत न्यूट्रिनोची चाहूल लागणें अशक्य. एवढा खडक डोक्यावर घेतला म्हणजे जे थोडे म्युऑन खालीं पोंचतात ते बहुतेक सरळ वरूनच. तिरप्या वाटेनें खडक आणखी जाड पडतो. मग आडव्या दिशेनें एखादा म्युऑन आला, तर न्यूट्रिनोनेंच शेजारच्या खडकांतील अणुगर्भास धडक देऊन तो निर्माण केला असला पाहिजे. म्हणून यंत्राच्या भिंती उभ्या ठेविल्या: दोहों बाजूंस कण जातांच चमकणारें प्लॅस्टिक, मध्यें त्याची वाट उजळून दाखविणाऱ्या निऑनच्या नळ्या. ही साधी युक्ति आम्हांस फारच आवडली.

१९६५ सालीं असे म्युऑन सांपडले. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंतील एका सोन्याच्या खाणींत फ्रेडरिक राइन्स यांच्या मंडळीसहि ते मिळाले. पृथ्वीच्या वातावरणांत जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंचा जगांतील हा पहिलाच पुरावा. महिनोन् महिने जागून हातीं लागत ते अगदीं मोजके. परंतु येणाऱ्या न्यूट्रिनोंचा अंदाज ठाऊक असला, कीं त्या मोजक्या संख्येवरूनच धडकेचा संभव काढतां येतो.

शास्त्रज्ञांस खालीं नेणारा पाळणा, तेथील हवा, उपसलें जाणारें पाणी, सारें खाणीच्या व तिच्या कामकऱ्यांच्या जिवावर चाले. २००१ सालीं खाण बंद झाली, पाण्याचा उपसा थांबला व खोल बोगदे बुडाले. तमिळनाडूंत थेणी जिल्ह्यांत डोंगराखालीं नवी प्रयोगशाळा बांधण्यास केंद्र सरकारनें २०१५ सालीं संमति दिली खरी. पण स्थानिक विरोधांत तें काम अडलें. कोलारच्या खाणवस्तींतील पुष्कळ माणसें आतां पोटासाठीं रोज आगगाडीनें बंगळूर गांठतात.