धूर दिसेल ना!

नाटक अर्धं लिहून झालं की मी ते लोकांना वाचून दाखवतो. पुरं झालेलं नाटक लोक मान देऊन ऐकतात, अर्ध्या नाटकात मात्र हात घालतात. मला तो हात हवा असतो.

सध्याचं नाटक आझाद दस्त्यावर आहे. १९४२ च्या अखेरच्या महिन्यांत भाई कोतवालांच्या या दस्त्याने मुंबईच्या कारखान्यांना जाणारी वीज तोडण्यासाठी विजेचे मनोरे कापले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. कर्जतमध्ये हे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. म्हणूनच वाचायची भीती वाटते.

पहिलं वाचन खोपोलीत, नाटकवाल्या मित्रांसमोर झालं. मनोरा कापण्याचा प्रवेश लांबतो, त्याचा शेवट चढायला हवा, असं त्यांनी सांगितलं. सूचना कामाच्या होत्या, मी उतरवून घेतल्या. पण नाटक जिथल्या तिथेच राहिलं.

दुसरं वाचन भातझोडणी उरकल्यावर, भिवपुरीच्या बाजूच्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात. वाचताना मी संहितेच्या समासात पेन्सिलीने खुणा करतो. माणसं कुठे हलली, कुठे कुणी पाण्याला उठलं, कुठे लेकराला गप्प केलं. वाचन संपल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारत नाही. त्याला उत्तर एकच येतं, आणि ते प्रेमाचं असतं. मी विचारतो, ‘तुम्हाला काय दिसलं?’

दुसऱ्या अंकात मध्यरात्री एक बाई दस्त्यासाठी भाकऱ्या भाजते आणि भाजता भाजता स्वातंत्र्यावर बोलते. ते भाषण मी जीव ओतून लिहिलं होतं. खांबाला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “एवढ्या रात्री चूल पेटवली? धूर दिसेल ना!”

मंडप एकदम जागा झाला. दुसरी म्हणाली, तांदळाच्या एवढ्या भाकऱ्या एका चुलीवर व्हायच्याच नाहीत, पीठ उकडायलाच केवढं पाणी लागेल. तिसरी म्हणाली, चार घरांत वाटून भाजतील, रोजच्या स्वयंपाकातच, दिवेलागणीला. घरागणिक पाच जास्त. कुणाला कळायचं नाही. आजींनी मान हलवली, “शेजारणीला कळेल. थापण्याचा आवाज मोजता येतो.”

माझी पेन्सिल थांबली होती. समासात काय खूण करणार?

पहिल्या ऐकणाऱ्यांचा हट्ट नाटकाला कुठे नेऊ शकतो, याचं मराठीतलं मोठं उदाहरण ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चं. नायिका बेणारेचं ते स्वगत तेंडुलकरांच्या मूळ लिखाणात नव्हतं, नाटक रंगमंचावर आणणाऱ्या देशपांडे दांपत्याच्या आग्रहाने ते आलं. माझ्याकडे उलट झालं. मंडपाने माझ्या बाईचं बोलणं काढून घेतलं आणि हातात पिठाची परात दिली.

आता तो प्रवेश चार घरांत घडतो. रंगमंचावर चार चुली, चार बायका, आणि थापण्याचा आवाज. पाचव्या भाकरीनंतर तो थांबायला हवा, पण थांबत नाही. सहावी. सातवी. तिसऱ्या घरातली सासू हातातलं काम ठेवून ऐकू लागते. स्वातंत्र्य हा शब्द कुणी उच्चारत नाही. तालमीच्या खोलीत परातीवर हात थापून पाहिला तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

यातून तिसऱ्या अंकाचा प्रश्न मिळाला: मोजणारी बाई ते कुणाला सांगेल? ती भित्री असावी असं मला वाटत नाही. तिचाही मुलगा घरी नसेल कदाचित. दोन शेवट लिहून फाडले.

शिमग्यानंतर पुन्हा त्याच मंडपात वाचन ठरलं आहे. मोजणारी बाई दार उघडून अंगणात येते, इथवर लिहून झालं आहे. तेवढंच वाचणार आहे. आजींना पुढच्याच ओळीत बसवायला सांगितलं आहे, म्हणजे त्यांचं बोलणं नीट ऐकू येईल.