‘आणि पार्टी’

आमच्या घरी एक कॅसेट आहे. कव्हरवर बाबासाहेबांचा कोट-टायमधला फोटो, त्याखाली गायकाचे नाव ठळक अक्षरांत, आणि नावाखाली बारीक अक्षरांत दोन शब्द : ‘आणि पार्टी’. या दोन शब्दांत आमचे वडील आहेत. दिवसा ते गिरणीत साचे चालवायचे आणि रात्री त्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. बावीस वर्षे वाजवली. ते गेले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. कॅसेटच्या फितीला बुरशी धरली आहे, ती वाजत नाही.

म्हणून मागच्या ६ डिसेंबरला आम्ही तिघे भावंडे ठरवूनच निघालो. चैत्यभूमीला अभिवादन तर करायचेच, पण शिवाजी पार्कवर त्या कॅसेटची दुसरी प्रत मिळते का, तेही पाहायचे. आम्ही एक दिव्याला, एक बदलापूरला, एक नालासोपाऱ्याला राहतो. चाळ सुटली की भावंडे अशी रेल्वेच्या तीन टोकांना जातात. दादरला पुलावर भेटलो आणि गर्दीबरोबर चालू लागलो.

शिवाजी पार्कचे वर्णन वाचकांना काय सांगावे! पुस्तकांचे ढीग, पंचशीलाचे ध्वज, बुद्धमूर्ती, कॅलेंडरे, आणि चुलीवर मोठमोठी पातेली. पूर्वी गाण्यांच्या स्टॉलवर कॅसेटच्या भिंती उभ्या असायच्या. मग सीडी आल्या. आता पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड. एका कार्डात पाचशे भीमगीते! आम्ही कॅसेटचे कव्हर पुढे केले. स्टॉलवरचा मुलगा चांगला होता, त्याने मन लावून शोधले. म्हणाला, ‘‘काका, गायकाचं नाव सांगा, नाहीतर गाण्याचे शब्द सांगा. पार्टीवरून सापडत नाही.’’ कार्डातल्या कित्येक गाण्यांना गायकाचेसुद्धा नाव नव्हते. भीमगीत एक, भीमगीत दोन, एवढेच.

तिथून निघालो तर फूटपाथवर एक पार्टी बसली होती. विदर्भातून आलेली पाच माणसे. पेटी, ढोलकी, खंजिरी, झांज, आणि गायला एक साठीच्या बाई. मागे कापडावर निळ्या रंगाने मंडळाचे नाव हाताने रंगवलेले. रात्री मंडपात झोपले होते, सकाळपासून गात होते. बाईंचा आवाज बसला होता. पण प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्या जिथे थांबत, तिथून मागचे दोघे ओळ अशी उचलत की ती पडलीच नाही असे वाटावे. ढोलकीवाला पोरगा विशीतला असेल. त्याची नजर बाईंच्या ओठांवर. त्या दमल्या की हा ठेका मोकळा सोडायचा, त्यांना श्वास घ्यायला दोन मात्रा जास्त द्यायचा. आम्ही ढोलकीवाल्याच्या घरात वाढलो, म्हणून हे दिसले. नाहीतर ऐकणाऱ्याला एवढेच वाटते की बाई छान गातात.

आपल्याकडे गायनाची ही परंपरा लहान नाही. आधी सत्यशोधक जलसे झाले, मग १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. भीमराव कर्डक, केरूबुवा गायकवाड, पतितपावनदास ही त्यातली नावे. भीमराव कर्डकांचा जलसा बाबासाहेबांनी नावाजला होता. जुनी माणसे सांगतात, आपल्या दहा भाषणांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाले होते. तमाशाचाच घाट, पण त्यातला गण-गवळणीचा देवधर्म काढून टाकलेला. त्याजागी बाबासाहेबांना वंदन, शाळेत जा, मेलेले ढोर ओढू नका, पाण्याचा हक्क मागा, असे विषय. गाणारे गिरणीतले, गोदीतले, नगरपालिकेतले. कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवले, ते १९७८ साली निघाले, म्हणून आपल्याला निदान एवढे कळते. (पुष्कळ लोक भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांची गल्लत करतात. दोघेही नाशिक जिल्ह्यातले, पण माणसे दोन. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२, निधन २००४.)

फूटपाथवरच्या बाईंनी शेवटचे गाणे वामनदादांचे घेतले. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ आले आणि गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. कवीची ही सोय असते. गाणे कोणीही गावो, कुठेही गावो, शेवटच्या ओळीत तो आपले नाव ठेवून जातो. गायकाचे नाव कव्हरवर येते. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागपूरचे नागोराव पाटणकर, ही नावे आपल्या घराघरांत आहेत आणि असायलाच हवीत. पण ढोलकीवाल्याने नाव कुठे ठेवायचे? झीलकऱ्याने कुठे ठेवायचे? आणि खरे सांगायचे तर गाणे लोकांच्या तोंडी बसवतो तो झीलकरीच. गायक एकदा म्हणतो, कोरस तीच ओळ चार वेळा म्हणतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या आमच्या आजीला पन्नास-साठ गाणी पाठ होती, ती कोरसच्या जिवावर.

कॅसेट मिळाली नाही. मग भाऊ म्हणाला, इथवर आलोय तर चाळीत जाऊ.

दादर पूर्वेला उतरून नायगावच्या बीडीडी चाळींकडे चालत जाता येते. १९२०च्या दशकात सरकारने नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडीला या चाळी बांधल्या. नायगावात ४२ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आता पुनर्विकास चालू आहे. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलेच झाले. एका मोरीपाशी दहा माणसांची आंघोळ ज्यांनी काढली आहे, त्यांना चाळीचे कौतुक सांगू नये. विठ्ठल उमप याच नायगावचे. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि गेले.

आमची पार्टी चाळीच्या मधल्या लांब बोळात तालमीला बसायची. खोलीत पेटी मावायची, माणसे मावायची नाहीत. बोळात आवाज घुमायचा, म्हणून दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) कड्या सरकवून ढोलकी हळू सुरात लावायचे, नाहीतर रात्रपाळीहून येऊन झोपलेली माणसे ओरडायची. आम्ही पोरे त्या ठेक्यावर झोपायचो. एप्रिल ते जून म्हणजे जयंतीचा हंगाम. १४ एप्रिल एकच, पण पार्ट्या सगळ्या वस्त्यांना हव्या असायच्या, म्हणून जयंती दोन महिने चालायची. सुपारी ठरायची, ट्रकच्या हौद्यात बसून मंडळी कधी कामाठीपुरा, कधी कल्याण, कधी नाशिकला जायची. दोन पार्ट्यांचा सामना लागला की पहाटेपर्यंत सवाल-जवाब. बक्षिसाच्या नोटा देणाऱ्याचे नाव माईकवरून पुकारायचे. पाच रुपये देणाऱ्याचे नाव पुकारायचे, बघा!

पेटीवाल्या काकांच्या खोलीत त्यांच्या सूनबाई, आमच्या वहिनी, सामान बांधत होत्या. खोली खाली करायची होती. आम्ही विषय काढला तर त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. ‘‘रद्दीत द्यायची होती, बरं झालं आलात.’’ आत गाण्यांच्या वह्या होत्या. आणि एक लांबट वही होती, ती हिशेबाची.

तिघेही आम्ही जमिनीवर बसलो. १९६३ पासून १९८५ पर्यंतचा प्रत्येक कार्यक्रम त्या वहीत होता. तारीख, गाव, सुपारी, ट्रकभाडे, चहा, आणि खाली वाटे. गायकाला दीड वाटा, बाकी सगळ्यांना एकेक. प्रत्येकाच्या नावासमोर सही किंवा अंगठा. दादांची सही पानापानावर. सुरुवातीला ती फक्त पहिल्या अक्षराची आहे, १९७० च्या पुढे पूर्ण नाव येते. ते रात्रशाळेत कधी गेले, हे आम्हाला त्या दिवशी वहीवरून कळले.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीच्या जयंतीच्या पानावर गावाच्या नावापुढे लिहिले आहे, ‘सुपारी नाही. जेवण.’ पुढच्या पानावर तसेच. तिसऱ्या पानावर फक्त ‘जेवण’. त्यानंतर पाने विरळ होत जातात. कोणी गावी गेले, कोणी भाजीची गाडी लावली. शेवटची नोंद १९८५ ची, कॅसेटच्या रेकॉर्डिंगची. एकदाच मिळालेली रक्कम, आणि तेच वाटे. दादा सांगायचे, तिथे म्हणाले होते की एवढ्या माणसांना माईक नाहीत. कोरसमधले दोघे बाहेर जिन्यावर बसून राहिले. वहीत त्या दोघांनाही पूर्ण वाटा दिलेला आहे.

वहीत एकूण आठ जणांचे वाटे आहेत. सात नावे आहेत. ती इथे देण्याचा मोह होतो, पण काही जणांच्या घरच्यांशी आमची अजून गाठ पडलेली नाही, आणि त्यांना विचारल्याशिवाय छापणे बरे नव्हे. आठव्या ठिकाणी नुसते लिहिले आहे : ‘बाई – १’. समोर अंगठा.

सातांपैकी कोरसमधले एक काका हयात आहेत. घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगरात राहतात. पुढच्या रविवारी तिघे गेलो. गाडीत बहिणीने मोबाईलवर माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या ओव्या लावल्या. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित केल्या. बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या. ओवीबरोबर बाईचे नाव, तिचे गाव, सगळे लिहून ठेवले आहे. बहीण म्हणाली, ‘‘बघ, दळणाऱ्या बाईचं नाव कोणीतरी लिहिलं. आपल्या पार्टीतल्या बाईचं आपल्याच माणसांनी नाही लिहिलं.’’ आम्ही दोघे भाऊ खिडकीबाहेर पाहात राहिलो. उत्तर काय देणार?

रमाबाई नगरात शिरताना आपली माणसे गप्प होतात. ११ जुलै १९९७ रोजी इथे पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर चार-पाच दिवसांत मुलुंडला विलास घोगरे या शाहिराने आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ चित्रपटात त्यांचा आवाज आहे. तो नसता तर हा शाहीरही ओळखीच्या लोकांपुरताच राहिला असता. या वस्तीतही आता पुनर्विकासाचे काम काढले आहे.

काकांना ऐकू कमी येते. वही हातात दिली तर त्यांनी पहिल्यांदा स्वतःची सही शोधली. मग दादांची. आम्ही ‘बाई’वर बोट ठेवले. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, ‘‘अरे, तिच्यासारखी झील कोणी धरली नाही. गायक खाली आला की ही वर जायची. वरच्या पट्टीत, एकटी. समोरच्या पार्टीवाले माना वळवून बघायचे.’’ माटुंगा लेबर कॅम्पातून यायची. सफाईच्या कामावर होती, काम संपवून, घरचे आवरून यायची, म्हणून तालमीला नेहमी उशिरा. नाव? काकांनी डोळे मिटले. बराच वेळ ओठ हलत होते. आम्हाला वाटले नाव आठवताहेत, पण ते गाणे म्हणत होते. तिची ओळ म्हणून दाखवली. ऐंशीच्या पुढचे म्हातारे, वरच्या पट्टीत आवाज फाटला, तरी ओळ पुरी केली. ‘‘बाईच म्हणायचो आम्ही तिला,’’ ते म्हणाले.

लेबर कॅम्प आम्हाला नवा नाही. शाहीर अण्णा भाऊ साठे एकेकाळी तिथे राहिले. आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. नळावर, दुकानात, विहाराच्या पायरीवर विचारले. जयंतीला डीजेच्या गाडीवर नाचणारी चार पोरे बसली होती. आम्हाला वाटले, यांना काय ठाऊक? त्यांना ती गाणी शब्दन् शब्द पाठ होती. मात्र कोणाची आहेत, हे माहीत नव्हते. त्यातल्याच एकाने आम्हाला आपल्या आजीकडे नेले.

आजीने वहीवरचा अंगठा पाहिला, जणू ठशावरून माणूस ओळखू येणार होता. मग म्हणाली, पलीकडच्या गल्लीत एक होती, बाळंतपणाला, बारशाला, जयंतीला गायची, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. तीच की दुसरी, सांगता येत नाही. ती नाही आता, पण सून आहे. सून शाळेत पोषण आहार शिजवायला जाते आणि संध्याकाळी धुण्याभांड्याची कामे करते. रविवारी सकाळी तेवढी घरी सापडेल.

आम्ही कॅसेटचे कव्हर, वही आणि काकांनी म्हटलेली ओळ मोबाईलमध्ये घेऊन येत्या रविवारी सकाळी जाणार आहोत.