माजघरात उजेड

कळंबोलीतल्या सिडकोच्या जुन्या घरांत भर दुपारीही मधल्या खोलीचा दिवा लागतो. पुढं हॉलला खिडकी, मागं स्वयंपाकघराला खिडकी. मधला तुकडा मात्र लाकडी दारांच्या आड अंधारलेला. कोकणातलं माजघरही असंच काळोखं असे, पण ते ऐसपैस होतं. इथं अडीच फुटांचं दार उघडताना जमिनीवर पाव वर्तुळ रेखतं आणि जवळजवळ ५ चौरस फूट जागा अडवून बसतं. तिथं ना कपाट मावतं, ना पोरीच्या अभ्यासाचं टेबल.

भिंतीच्या पोटात सरकणारं काचेचं दार ही अडलेली जागा मोकळी करतं आणि वर उजेडही देतं.

कल्पना जुनीच. जपानी घरांत पावसापासून बचाव करणारी लाकडी दारं दिवसा ‘तोबुकुरो’ नावाच्या पेटीत सरकवून ठेवतात. एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेच्या घरांत दिवाणखान्याची दारं भिंतीत गडप होत. काचेनं त्यात उजेडाची भर घातली. दार ओढलं तरी फोडणी देणारी आई दिसत राहते आणि फोडणीचा ठसका बराचसा आतच थांबतो. आडोसा हवा तिथं धूसर काच लावली की उजेड येतो, माणसाची नुसती सावली दिसते.

या दाराचं सामानही कळंबोलीला परकं नाही. लोखंडाचा मोठा बाजार गावातच. शेजारच्या तळोज्यात वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच पसरून सपाट तावदानं करणारा कारखाना आहे. दाराला मात्र टफन काचच हवी. सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड केलेली ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे सुरे होत नाहीत, बोथट खडे होतात. एकदा टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून मापं आधी, काच नंतर.

८ मिलिमीटर जाडीचं अडीच बाय सात फुटांचं दार साधारण ३२ किलो भरतं; तांदळाच्या पंचवीस किलोच्या कट्ट्याहून जड. हा भार वरच्या रुळावर टांगलेला बरा. खालच्या खाचेत केर साचतो. इथल्या पावसाळी दमट हवेत लाकूड फुगून घासतं, काच फुगत नाही. पण चाकं गंजतात, तेव्हा ती स्टेनलेस स्टीलची घ्यावीत आणि त्यांच्यापर्यंत हात पोचेल अशी उघडती फळी ठेवावी.

जुनी भिंत फोडायची गरज नाही. खांब, तुळई आणि भार पेलणाऱ्या भिंतीला तर हातच लावू नये. भिंतीलगत चॅनेलचा सांगाडा उभारून बोर्ड ठोकला की काम भागतं. तीन-चार इंच जातात, पाच चौरस फूट मिळतात. त्या पोकळीत वायर, नळ किंवा लांब खिळा मात्र येता कामा नये.

आणि काच घरात घेण्याआधी तिच्या कोपऱ्यातली टफन केल्याची खूण डोळ्यांनी बघून घ्या.