दमाची जागा

वडकीला पालखी विसाव्यासाठी थांबली, की मी आधी गळ्यातला पखवाज उतरवतो. पट्ट्याखालची मान घामानं चिंब झालेली असते. तिथं वारा लागला की एकदम गार वाटतं, आणि तेवढ्या गारव्यासाठी माझे हात आपोआप जोडले जातात. पुढं दिवेघाट असतो. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपासचा. सकाळपासून बोटं चालून चालून जड झालेली असतात.

विसावा आणि मुक्काम यांत आम्ही वारकरी फरक करतो. मुक्कामाला राहुट्या पडतात, चुली पेटतात, हरिपाठ होतो, रात्री कीर्तन होतं. विसाव्याला फक्त टेकायचं. डोक्यावर तुळस घेऊन चालणारी आमच्या दिंडीतली माउली वृंदावन खाली ठेवते, आधी तुळशीला ओंजळभर पाणी घालते आणि मग स्वतः पिते. कुणी पायातला काटा काढतो, कुणी केळं सोलून शेजाऱ्याला अर्धं देतो. त्या वेळी कुणी मोठ्यानं नामस्मरण करत नाही. तरी मला वर्षानुवर्षं वाटत आलंय, की दिवसातलं सगळ्यांत निर्मळ भजन तिथं चालू असतं.

हे मला वाजवण्यातूनच उमगलं, आणि उमगायला फार वेळ लागला. बारा-तेराव्या वर्षी गावातल्या बुवांकडे मी पखवाज शिकायला बसलो. बोल जितके जास्त तितकी सेवा जास्त, असा माझा ठाम समज होता. भजनी ठेका आठ मात्रांचा, साधा, चालीला धरून जाणारा. मला तो अपुरा वाटायचा. गाणाऱ्यानं ओळ सोडून श्वास घेतला, की मी त्या जागेत एक तोडा कोंबायचो. गावच्या सप्ताहात एका रात्री मी असाच सुटलो होतो. बुवांनी काही न बोलता माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मात्रा संपेपर्यंत तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी डाव्या पुडीसाठी कणीक मळताना ते म्हणाले, "बाळा, तो दम घेत होता ना, तेव्हा देव ऐकत होता. तू मधे बोललास."

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी मला तिहाईच दिली. एकच बोलसमूह तीनदा वाजवून समेवर यायचं. मधे न थांबता वाजवली तर ती बेदम, दोन तुकड्यांच्या मधे जागा सोडली तर ती दमदार. बुवा फक्त दमदार घोटून घ्यायचे. आधी तोंडानं पढंत, मग हातावर, मग वाद्यावर. मोकळ्या जागेत हात मांडीवर आणि मनात एकदा 'विठ्ठल'. मध्य लयीत ते नाव एका मात्रेत नीट बसतं, ना घाई ना ओढाताण. मी घाई केली की नाव तुटायचं, आणि नाव तुटलं की सम चुकायची. लय अशी आतून तपासायची, हे त्यांनी मला कधी शब्दांत सांगितलं नाही.

चौताल शिकवतानाही तेच. बारा मात्रा, चार टाळ्या, दोन खाली. तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर हातानं ताल धरताना टाळी द्यायची नाही, पंजा उलटा करून बाजूला न्यायचा. पखवाजावर तिथं 'दिं' येतो, उघड्या पंजाचा बोल. मारला की हात उचलायचा, नाद त्याचा त्याला जाऊ द्यायचा. दाबून धरला की तो मरतो.

वारीत पाऊस आला की चामडं ओल धरतं, आवाज बसतो. गठ्ठे ठोकूनही चढत नाही. मग पखवाज प्लास्टिकात गुंडाळायचा आणि टाळावर भागवायचं. पूर्वी मी त्यावर चिडायचो. आता भिजत चालताना टाळ ऐकत जातो. वाजवणाऱ्याला आपलीच दिंडी ऐकायला एरवी कुठं मिळते?

सगळ्यांत मोठा दम असतो समाजआरतीचा. संध्याकाळी तळावर पालखी येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम गर्जत असतात. चोपदार चोप उंच धरतात, 'हो' अशी हाळी घुमते आणि सगळं थांबतं. ज्या दिंडीला काही गाऱ्हाणं असेल, तिचेच टाळ वाजत राहतात. तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात आणि नंतर आरती. पण टाळ थांबल्यावर आणि पहिला माणूस बोलण्याआधी जे काही क्षण जातात, त्यांत माझा हात पुडीवर टेकलेला असतो. चामडं अजून थरथरत असतं. बोटांना ते कळतं. त्या थरथरीइतका आनंद मला कुठल्याही परणीनं दिलेला नाही.

वारी अठरा-वीस दिवसांची. उरलेलं वर्ष शेतात जातं. मोटार चालू करून पाणी सोडलं, की वाफा भरेपर्यंत बांधावर बसावं लागतं. अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी साधा माणूस, मला तिथं पाण्याची सळसळ भेटते, शेवग्याची सावली भेटते. गुडघ्यावर बोटं हळूच ठेका धरतात, मधली जागा सोडतात, आणि त्या जागेत नाव येतं. मग वाफा भरतो, मी उठून दार मोडतो, पाणी पुढं जातं.

तुम्ही कधी वारीच्या वाटेवर आलात, तर एका मुक्कामी समाजआरतीला जरूर उभे राहा. चोप वर गेला की फोन खिशात घाला आणि डोळे मिटून घ्या.