नीळ, डांबर आणि रसायनी

अवशेष म्हटले की आपल्या मनात प्रथम किल्ले उभे राहतात. वसईचा किल्ला, कोर्लईचा किल्ला, पनवेलजवळच्या कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. त्यांच्या पडक्या भिंतींपाशी आपण मुलांच्या सहली नेतो आणि कोणी बांधले, कोणी जिंकले, हे त्यांना सांगतो. परंतु ज्या अवशेषांचा इतिहास पाठ्यपुस्तकात आलेला नाही, आणि ज्यांच्या सावलीत राबलेली माणसे आजही रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर येऊन बसतात, अशा अवशेषांकडे आपण वळूनही पाहत नाही. पनवेलच्या परिसरातील असे एक ठिकाण म्हणजे रसायनी.

पनवेलहून जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने निघून दांड फाट्यापाशी वळले की रसायनी येते. रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आपट्याच्या अलीकडे याच नावाचे स्थानकही आहे. जवळून पाताळगंगा वाहते. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, तेव्हापासून घाटमाथ्यावरून उतरणारे पाणी वीज निर्माण करून या नदीत येते; त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिला पाणी असते. कारखान्यांना हवे होते ते हेच. १९६० च्या डिसेंबरात केंद्र शासनाने ‘हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स’ ही कंपनी स्थापन केली आणि १९७०–७१ पासून येथे उत्पादन सुरू झाले. भाताच्या खाचरांच्या जागी उंच मनोरे आणि नळांची जाळी उभी राहिली. गावाचे नावही कारखान्याच्या धंद्यावरूनच पडले.

या कारखान्याच्या विद्येचे मूळ शोधू गेल्यास आपण दगडी कोळशाच्या भट्टीपाशी जाऊन पोहोचतो. कोळसा हवा लागू न देता बंद भट्टीत तापविला, की त्यातून ज्वलनशील वायू निघतो, मागे पोलादाच्या कामी येणारा कोक उरतो आणि थोडे काळे, चिकट, उग्र वासाचे डांबर हाती लागते. एक टन कोळशामागे हे डांबर सुमारे ३० ते ४० किलो. १८६५ पासून मुंबईचे रस्ते ज्या गॅसच्या दिव्यांनी उजळू लागले, तो गॅस असाच कोळशातून काढीत. वायूला गिऱ्हाईक होते, कोकला होते. डांबराचे काय करावे, हा मात्र त्या काळी युरोपातील गॅस कारखानदारांना छळणारा प्रश्न होता.

त्याचे उत्तर एका अठरा वर्षांच्या मुलाने शोधले. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनमध्ये विल्यम पर्किन हा विद्यार्थी डांबरातून निघालेल्या द्रव्यापासून हिवतापावरचे क्विनाईन बनविण्याचा प्रयत्न करीत होता. क्विनाईन काही झाले नाही. भांड्याच्या तळाशी काळा गाळ साचला, तो धुताना त्यातून सुंदर जांभळा रंग उतरला. कृत्रिम रंगांचा उद्योग येथून सुरू झाला. त्या डांबरातील द्रव्याचे नाव ॲनिलिन.

हे नाव परके वाटते खरे. परंतु ते आपल्याच घरचे आहे. संस्कृतातील ‘नीली’ म्हणजे नीळ. हा शब्द अरबांनी नेला, त्यांच्याकडून पोर्तुगीजांच्या तोंडी तो ‘अनिल’ झाला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील रसायनशास्त्रज्ञांना निळीपासून एक तेलकट द्रव्य मिळाले, त्याला त्यांनी ॲनिलिन म्हटले. पुढे ध्यानात आले की हेच द्रव्य कोळशाच्या डांबरातही आहे. मग १८९७ मध्ये जर्मनीतील कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडील निळीच्या शेतीचा आधार खचला. पहिल्या महायुद्धात जर्मन माल येणे थांबले, तेव्हा निळीला पुन्हा भाव आला आणि चंपारणच्या कुळांवर मळेवाल्यांचा जाच वाढला. १९१७ चा सत्याग्रह झाला तो या पार्श्वभूमीवर. आमच्या आजीच्या हातची, सणाच्या पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ एवढा प्रवास करून आलेली असते, हे आम्हांला फार उशिरा समजले.

स्वातंत्र्यानंतर भिलाई, राउरकेला, दुर्गापूर येथे पोलादाचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या कोक भट्ट्यांतून बेन्झिन मिळू लागले. पण बेन्झिनपासून रंग, औषधे, रबराची द्रव्ये बनवायची तर मधल्या पायऱ्या हव्यात, आणि त्या पायऱ्या परदेशातून विकत आणाव्या लागत. रसायनीचा कारखाना ही मधली पायरी होता. बेन्झिनवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की कडू बदामाच्या वासाचे नायट्रोबेन्झिन होते; त्याला हायड्रोजन दिला की ॲनिलिन. पुढे बेन्झिन खनिज तेलापासून मिळू लागले, तरी ही विद्या कोळशानेच शिकविलेली. ज्या देशाची नीळ बुडाली त्या देशाने स्वतःचे ॲनिलिन स्वतः करावे, यात एक प्रकारची भरपाई होती, असे आम्हांस वाटते.

१९९१ नंतर आयातीवरचे शुल्क उतरत गेले, स्वस्त परदेशी माल आला, यंत्रे जुनी झाली, तोटा साचला. अखेर १७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे तोट्यातील सर्व विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८.८० कोटी रुपयांस द्यायचे ठरले. कामगारांचे थकलेले पगार आणि इतर देणी भागविण्यासाठी शासनाने कर्ज मंजूर केले. केवळ एक विभाग वगळण्यात आला. त्याविषयी पुढे सांगू.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही तेथे गेलो, ते आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या सांगण्यावरून. आजोबांनी ॲनिलिनच्या प्लांटमध्ये तीस वर्षे पाळ्या केलेल्या. नातू नुकताच बारावी झालेला. त्याला रसायन अभियांत्रिकीला जावयाचे होते. वडिलांचा ठाम विरोध. ‘केमिकलने बाबांना काय दिले ते डोळ्यांनी पाहिले आहे,’ हे त्यांचे म्हणणे. घरात चार दिवस अबोला होता. शेवटी मुलाची आई आमच्याकडे आली. “फादर, तुम्ही दोघांना एकदा तिकडे घेऊन जा. पोराला पाहू दे, मग काय ते ठरवू दे.”

कारखान्याच्या आत जाण्यास परवानगी नव्हती. आम्ही कुंपणाच्या कडेने आणि वसाहतीच्या रस्त्यांनी चालत राहिलो. भिंतीपलीकडे गंजलेले मनोरे उन्हात उभे होते. एका नळाच्या सांध्यातून पिंपळाचे रोप वर आले होते. वसाहतीत कित्येक क्वार्टर्सना कुलपे. काहींची दारेच नव्हती. एका ओट्यावर तुळशीवृंदावन होते, तीन घरे सोडून एका भिंतीवर क्रुसाच्या आकाराचा फिकट डाग होता. चित्र नेले, चुनाही कधी नंतर उडाला, पण तेवढी जागा वेगळी राहिली. कोण कुठले लोक येथे शेजारी होऊन राहिले असतील, ते त्या दोन खुणांनी सांगितले.

काका न बोलता चालत होते. एका वळणावर थांबून त्यांनी मनगटाकडे पाहिले. “अडीच वाजले. आता भोंगा व्हायचा. पहिली पाळी सुटायची, दुसरी आत जायची. या रस्त्यावर सायकलींना जागा पुरायची नाही, फादर.”

नातवाने विचारले, “आजोबा, वास कसा यायचा?”

“बदामाचा. नवीन माणसाला गोड वाटायचा. आम्ही सांगायचो, गोड वाटला की लांब हो.” मग ते स्वतःहूनच सांगू लागले. ॲनिलिन श्वासातून जाते तसे कातडीतूनही आत जाते; रक्ताला प्राणवायू वाहता येईनासा होतो आणि माणसाचे ओठ, नखे निळी पडतात. “स्वतःचे ओठ स्वतःला दिसत नाहीत. म्हणून पाळीत आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत असू. भांडण झालेलं असलं तरी बघायचं. कुणाचे ओठ निळे दिसले की हातातलं काम टाकून त्याला आधी न्हाणीत नेऊन पाणी ओतायचं, मग दवाखाना.”

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने सरळच विचारले, “एवढं विष होतं, तर बंद झालं ते बरंच नाही का झालं?”

आम्हांला वाटले काका दुखावतील. ते नुसते हसले. “बंद कुठे झालं बाळा? तुझ्या शर्टाचा रंग, बापाच्या गाडीचे टायर, तापाची गोळी, सगळ्यांना ते लागतंच. इथलं बंद झालं. दुसरीकडे कुणीतरी करतंय. त्याच्या ओठांकडे कुणी बघतंय का, एवढंच विचारायचं.”

या उत्तरावर आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. गुजरातेत भरुचला आजही ॲनिलिन तयार होते; परदेशांतूनही येते. पडका कारखाना पाहून दोन भावना सहज होतात. एक, गेलेल्या वैभवाची हळहळ. दुसरी, नदी आणि हवा यांची एका उपद्रवातून सुटका झाल्याचे समाधान. दोन्ही खऱ्या आहेत. परंतु दोन्हींत काम करणारा माणूस दिसत नाही. जमीन किती एकर, किती कोटींची, याचा आकडा कागदावर राहतो. शेजाऱ्याचे ओठ न्याहाळण्याची ती सवय कोणत्या कागदावर लिहिली गेली? ज्यांनी भाताची खाचरे दिली त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला त्या बदल्यात काय उरले, हाही प्रश्न आकड्यांच्या बाहेरच राहतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झरचेन्स’ हे श्रमावरील परिपत्र लिहिले. तरुणपणी त्यांनी स्वतः खाणीत आणि नंतर रासायनिक कारखान्यात मजुरी केली होती. श्रमाचे मोल निघालेल्या मालावरून ठरत नाही, तो श्रम करणारा माणूस आहे म्हणून त्याला मोल असते, असा त्या परिपत्राचा गाभा आहे. सेमिनरीत आम्ही ते परीक्षेसाठी वाचले होते. रसायनीच्या रस्त्यावर, घामाने भिजलेल्या एका वृद्ध ऑपरेटरच्या तोंडून, ते आम्हांला पहिल्याने ऐकू आले.

परतीच्या वाटेवर नातवाने आजोबांना आणखी बरेच विचारले. दाब किती असे, तापमान कशावर वाचीत, झडप अडकली तर काय करीत. काकांना एकेक आकडा पाठ होता. घरी पोहोचल्यावर वडिलांशी काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही. जुलैत मुलाने रसायन अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. आज तो कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामात आहे. वडिलांचा विरोध पुरता मावळला असे नाही, पण मुलगा घरी आला की ते रोज विचारतात, “मास्क घालतोस ना?”

आता त्या वगळलेल्या विभागाविषयी. रसायनीत डायनायट्रोजन टेट्रॉक्साईड नावाचे द्रव्य तयार होत असे. उपग्रह वाहून नेणाऱ्या अग्निबाणांच्या द्रव इंधनाच्या टप्प्यात इंधन जाळण्यासाठी ते लागते. म्हणून तेवढा प्लांट, सुमारे २० एकर जमीन आणि तेथील कर्मचारी यांसह, इस्रोकडे सोपविण्याचे त्याच मंत्रिमंडळाने ठरविले. बाकीच्या जमिनीवर भारत पेट्रोलियमने प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा प्रकल्प योजिला आहे. वसाहतीतील त्या भिंतीवरचा फिकट डाग आता असेल की नाही, कोण जाणे.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ निघाले, तेव्हा आमच्या पॅरिश हॉलमध्ये टीव्ही लावला होता. मुले दाटीवाटीने बसली होती; काकांना पुढे खुर्ची दिली होती. बाजूचे दोन मोठे बाण धडधडत वर गेले, थोड्या वेळाने मधला द्रव इंधनाचा टप्पा पेटला. काका हळूच म्हणाले, “हा आमच्या शेजारच्या प्लांटचा माल. त्यातला थेंब आपल्याकडचाच असेल असं मी म्हणत नाही. पण तो बनवायला हात शिकले ते तिथे.” एका लहान मुलीने विचारले, “आजोबा, तुम्ही रॉकेट बनवायचात?” ते म्हणाले, “नाही गं. आम्ही पाळी करायचो.”

वाचकहो, आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी पाळी केलेली माणसे आहेत: गिरणीतली, गोदीतली, रेल्वेतली, रसायनांतली. त्यांचे कारखाने आता भिंतीपुरते उरले आहेत, काहींच्या तर भिंतीही नाहीत. येत्या सुट्टीत मुलांना किल्ला अवश्य दाखवा. त्याच सुट्टीतली एक संध्याकाळ घरच्या वृद्धांपाशी वही घेऊन बसा आणि त्यांना विचारा, कामावर वास कसा यायचा. ते सांगतील ते लिहून घ्या. कारण ते दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही.