दोन वह्या आणि एकच चूक

टेलिफोन बंद पडला की आपल्या माणसाला पहिली शंका येते ती तारेची. तार तुटली असेल, खांब पडला असेल, उंदराने केबल कुरतडली असेल. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण तार शाबूत, डबा शाबूत, रिसीव्हर कानाला लावला तर डायल टोनही येतो आणि तरी अग्निशामक केंद्राचा नंबर फिरवला की कँटीनमध्ये घंटी वाजते, असे झाले तर काय समजावे? जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन गेले, त्यानंतर आम्ही ज्या कारखान्यात कारकुनी करतो त्या ठिकाणी नेमके हेच घडले. ती हकीकत आमच्या वाचक बंधू-भगिनींना सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते. विषय यंत्राचा असला तरी आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीपर्यंत त्याचा संबंध कसा पोचतो, ते पुढे येईलच.

आधी यंत्राविषयी थोडे. पूर्वी ऑपरेटर हाताने दोरी खुपसून एकाचा फोन दुसऱ्याला जोडून देत असे. हा मधला माणूस काढून टाकणारे यंत्र अमेरिकेतल्या अल्मन स्ट्राउजर नावाच्या गृहस्थाने शोधले, त्याचे पेटंट १८९१ सालचे. धंद्याने तो अंत्यविधीचे साहित्य पुरवणारा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके मुद्दाम दुसऱ्या दुकानदाराला जोडून देते असा त्याला संशय आला आणि त्यातून त्याने हे यंत्र काढले, असे सांगतात. खरे-खोटे काही असो, मधला माणूस वरून पाणी ओतणार आणि आपण खाली ओंजळ धरणार ही रीत ज्यांच्या आजा-पणजांनी भोगली, त्यांना स्ट्राउजरचा संताप समजायला अडचण पडू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब स्वतः तळ्याच्या पायऱ्या उतरले ते याच मधल्या माणसाला बाजूला सारण्यासाठी.

आता एक्स्चेंजमध्ये दोरीही नाही आणि खटखट करणारे स्विचही नाहीत. कारखान्याच्या एक्स्चेंजला ईपीएबीएक्स म्हणतात. त्याच्या पोटात एक नोंदवही असते, तिला डेटाबेस म्हणायचे. कोणता नंबर कोणत्या तारेवर आहे, कोणाला बाहेर फोन लावण्याची मुभा आहे, बाहेरून आलेला फोन आधी कोणाकडे वाजवायचा, हे सर्व तिच्यात लिहिलेले. यंत्र स्वतःच्या अकलेने काही करीत नाही, नोंदवहीत पाहते आणि जोडते. आमच्याकडील यंत्र दुहेरी होते, म्हणजे त्याला मेंदू दोन. एक कामावर, दुसरा राखीव. कामावरच्या मेंदूत जी नोंद होईल ती क्षणात राखीव मेंदूत उतरते. एक जळाला तर दुसरा लगेच काम उचलतो आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे सर्वजण निर्धास्त होते.

३ जूनला वादळ आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग या भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाईल मुके झाले. त्यात कोरोनाची टाळेबंदी. वरळी, विक्रोळी, चेंबूरला राहणारी आपली माणसे गावचे छप्पर राहिले की गेले हे विचारायला तडफडत होती. आमच्या कारखान्याला बाहेरच्या दोन लाईन कशाबशा शिल्लक होत्या. पाळीवर अडकलेल्या कामगारांचे नातेवाईक त्यांच्यावर फोन करून ऑपरेटरकडे निरोप ठेवीत. तिसऱ्या दिवशी पहाटे हे फोन ऑपरेटरकडे येईनासे झाले. ते जाऊन वाजत होते बंद पडलेल्या एका ऑफिसात, जिथे उचलायला कोणी नव्हते. दवाखान्याचा नंबर स्टोअरमध्ये लागे, कॉलनीतले निम्मे फोन मुके. वादळानंतरच्या त्या अवस्थेत आग लागली असती किंवा कोणाला विजेचा झटका बसला असता, तर बोलावायचे कोणाला आणि कसे?

आमचे ऑपरेटर काका जन्मापासून दृष्टिहीन आहेत. कोळीवाड्यातला माणूस, नोकरीची तीस वर्षे झालेली. यंत्राची देखभाल ज्या कंपनीकडे होती तिचा तंत्रज्ञ रस्ते बंद असल्याने येऊ शकत नव्हता. कशीबशी लाईन लागली तेव्हा त्याने पलीकडून सांगितले, "दोन्ही कार्ड काढा, कोरी करा आणि यंत्र पुन्हा चालू करा." आम्ही खोलीकडे निघालो तेव्हा काकांनी हात धरला. म्हणाले, "भाऊ, आधी कशालाच हात लावू नका. कुठला नंबर कुठे वाजतोय ते सगळं लिहून काढा. कोरं केलं की चूक पण गेली आणि खरं पण गेलं."

हे आम्हाला पटले. दोन तास एकेक नंबर फिरवून आम्ही तक्ता केला. त्यावरून ध्यानात आले की बिघाड सरसकट नाही. ठराविक नंबरांच्या गटातल्या नोंदीच एकमेकांत मिसळल्या आहेत, बाकीच्या ठीक आहेत. म्हणजे तारा, कार्डे, घंट्या यांचा दोष नव्हता, नोंदवहीची काही पाने खराब झाली होती. मग राखीव मेंदूवर काम बदलून पाहिले. तिकडेही तीच चूक, तेच नंबर!

आम्ही बी.कॉम.ला असताना एक गोष्ट घोकली होती. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नव्हे. रक्कमच चुकीच्या खात्यावर गेली, पण दोन्ही बाजूंना सारखीच लिहिली गेली, तर तेरीज खुशाल जुळते. इथे तेच झाले होते. वीज सारखी जात-येत होती, यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या होत्या, आणि नोंद अर्धी लिहिली जात असताना यंत्र बंद पडले. पुन्हा चालू झाल्यावर त्या अर्धवट नोंदीची नक्कल इमानेइतबारे राखीव मेंदूत उतरली. एक मेंदू मेला असता तर दुसरा कामाला आला असता. पण खोटे शिकलेल्या मेंदूचा जोडीदार खोटेच शिकतो.

रोज रात्री आपोआप निघणारी प्रतही तपासली. ती एकाच जागी, जुनीवर नवी अशी लिहिली जात होती. वादळानंतरच्या रात्रीने चांगली प्रत पुसून तिच्या जागी बिघडलेली ठेवली होती.

हा प्रकार आमच्याच कोपऱ्यातला असे कोणी समजू नये. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत ए.टी. अँड टी. कंपनीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जवळजवळ नऊ तास विस्कळीत झाले होते. तिची ११४ मोठी एक्स्चेंजेस एकमेकांची पाठराखण करणारी. पण सर्वांत एकच प्रोग्राम आणि त्यात एकच चूक, त्यामुळे एक आजारी पडून उठले की शेजारचे पडे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्यातही दिशा सांगणारी यंत्रे दोन होती. राखीव आधी बंद पडले, मुख्य त्याच्या मागोमाग, आणि कारणही एकच.

आमच्याकडे मार्ग निघाला तो लेखा विभागाच्या लोखंडी कपाटातून. जानेवारीतल्या वार्षिक देखभालीच्या वेळी काढलेली एक सीडी तिथे पडून होती. लेखापरीक्षकाच्या आग्रहामुळे ती यंत्राच्या खोलीत न ठेवता दुसऱ्या इमारतीत ठेवलेली. (लेखापरीक्षकांना आम्ही कारकून मंडळी एरवी काय काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.) पहिले काम म्हणजे दोन्ही मेंदूंमधली जोड तोडली, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यात उतरणे थांबले. बिघडलेल्या नोंदवहीचीही वेगळी प्रत काढून ठेवली, कारण तिच्यात पाच महिन्यांची खरी माहितीही होती. बिघडलेल्या मेंदूवर निम्मे का होईना फोन चालू ठेवले, राखीव मेंदूत जानेवारीची नोंदवही भरली, चार-दोन नंबर लावून पाहिले आणि मगच त्याच्याकडे काम दिले. तंत्रज्ञ फोनवर होता, त्याने आज्ञा अक्षर अक्षर सांगितल्या. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

राहिले जानेवारी ते जूनमधले बदल. कोणाची बदली, कोणाचे घर बदललेले, कोरोनासाठी नव्याने उघडलेली खोली. आमच्याकडे बदलांचे हाती लिहिलेले रजिस्टर होते, काकांकडे त्यांची ब्रेलची वही. पण त्यांनी वही मिटूनच ठेवली. खातेवार नंबर तोंडाने म्हणत गेले आणि आम्ही रजिस्टरवर टिचक्या मारीत गेलो. दोन ठिकाणी त्यांचे आणि रजिस्टरचे जुळले नाही. तेव्हा वाद न घालता तो नंबर फिरवायचा, उचलेल त्याला विचारायचे, "आपण कोण?" एकदा काका बरोबर निघाले, एकदा रजिस्टर. संध्याकाळी सातला दोन्ही मेंदू पुन्हा जोडले. पहिला निरोप आला तो विक्रोळीहून, म्हाताऱ्या आईच्या घराचे पत्रे उडाले का हे विचारणारा.

काका म्हणत आणि आम्ही तपासत असू, तेव्हा आम्हाला संगीती आठवली. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला भिक्खू जमले. आनंदाने धम्म सांगितला, उपालीने विनय सांगितला आणि संघाने एकत्र म्हणून तो पक्का केला. पुढे कित्येक पिढ्या तिपिटक मुखोद्गतच राहिले. वेगवेगळे भाणक वेगवेगळे भाग पाठ करीत. एकाची जीभ घसरली तर शेजारच्याच्या कानाला खटके, कारण त्याने ते दुसऱ्या गुरूकडून घेतलेले असे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ताडपत्रांवर लिहिले गेले. बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदेचा विध्वंस झाला, तेव्हा भारतातले ग्रंथ गेले, पण सिंहलात, ब्रह्मदेशात, तिबेटात होते ते राहिले. मंडालेला तर १८६८ साली संगमरवराच्या ७२९ शिळांवर तिपिटक कोरून पुरे झाले. नालंदेतच त्याच्या दहा प्रती करून ठेवल्या असत्या, तर त्या दहाही एकाच वेळी जळाल्या असत्या.

आता पेटीविषयी. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचा पूर महाडात शिरला. पाणी ओसरल्यावर आम्ही चार कार्यकर्ते भांडी-धान्य घेऊन तालुक्यातल्या आपल्या एका वस्तीत गेलो. एका ताईंनी चिखलातून काढलेली पत्र्याची पेटी पुढे ठेवली. मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स, सर्व एका पेटीत. लॅमिनेशनच्या आतसुद्धा पाणी गेलेले. फोटो ज्या मोबाईलमध्ये होते तोही पुरात गेला. प्रती तीन, पण पेटी एक.

ताई कागद सोलून वेगळे करायला लागल्या, तेव्हा आम्हाला काकांचा हात आठवला. म्हटले, "ताई, थांबा." ओले कागद ओढले की शाई वरच्याला चिकटून येते. गठ्ठा तसाच सावलीत ठेवावा, मध्ये कोरे कागद सरकवावेत, ते ओले झाले की बदलावेत. उन्हात घालू नयेत, इस्त्री फिरवू नये. चार दिवसांत निम्मे कागद वाचता आले.

बाकीचे बाहेरून मिळवावे लागले. आपल्या समाजाच्या मुलांना जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० साली मिळाल्या, पण कागद मागायचा तो त्या जुन्या तारखेचाच. मुलीच्या पणजोबांची नोंद गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडली. नाव एकेरी, हाक मारावी तसे लिहिलेले, पुढे जात. मास्तरांनी ती लिहिली तेव्हा मुलाला कुठे बसवायचे हे कळावे एवढाच हेतू असणार. नंतरच्या कागदांवर त्याच माणसाचे पूर्ण नाव आहे, म्हणून कार्यालयात हरकत निघाली. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असे प्रतिज्ञापत्र करून दिले आणि ठाण्याला असलेल्या चुलत्याच्या मुलाच्या जात वैधता प्रमाणपत्राची प्रत जोडली. ते प्रमाणपत्र पुरात भिजले नव्हते, कारण ते ठाण्याला होते. मुलीला प्रवेश मिळाला.

तेव्हापासून आमच्या विहारात वर्षावास सुरू होण्याआधीचा एक रविवार कागदांचा असतो. मूळ कागद ज्याचे त्याच्या घरी, प्लास्टिकच्या पिशवीत. एक संच मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे. एकजण झेरॉक्स मोठ्याने वाचतो, दुसरा मूळ कागदावर बोट ठेवतो, कारण आडनावाची एक वेलांटी पुढे सहा महिने हेलपाटे घालायला लावते. शिकलेली मुले डिजिलॉकर उघडून देतात. जुना संच फाडून नव्याला जागा करायची नाही, हा नियम मात्र आम्ही हट्टाने पाळतो.

यंदा एक आजी आल्या. म्हणाल्या, "माझ्याकडं दाखलाबिखला काय नाय, भाऊ. मालकांचं हे गिरणीतलं कार्ड तेवढं हाय." कापडात गुंडाळलेले मळके कार्ड. त्यावर गावाचे नाव होते, जातीची नोंद होती आणि साल होते १९४८. त्यांच्या तिन्ही नातवंडांसाठी त्याच्या प्रती काढल्या, एक घाटकोपरच्या मुलीकडे पाठवली, आणि कार्ड पुन्हा त्याच कापडात बांधून आजींच्या हातात दिले.